थंडीतली गच्चीवरची भाजी, सहाशे-साडेसहाशे रुपयांत

थंडीत भाजी लावायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, की अगं डिसेंबरात तर मेथीची जुडी दहाला मिळते, मग कशाला एवढा खटाटोप. प्रश्न अगदी बरोबर आहे. आम्ही नाशिकचे, इथे पावसाळ्यात जी कोथिंबीर हाताला लागू देत नाही तीच थंडीत मातीमोल भावाने जाते हे दरवर्षी बघतो. त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे, थंडीतल्या बागेवर पैसे ओतायचेच नाहीत. चार-पाच हजारांच्या कुंड्या, वर तयार मातीच्या पिशव्या, वर बाटलीतली टॉनिकं, असं केलं तर ती मेथी जन्मात परवडणार नाही. पण खर्च सहाशे-साडेसहाशेच्या आत ठेवला, आणि बाजारात जे मिळतच नाही किंवा मिळालं तरी शिळं मिळतं ते लावलं, तर याच्यासारखं समाधान नाही. आणि सुरुवात करायला हाच सीझन, कारण निम्मं काम हवा करते. पाणी कमी लागतं, ऊन रोपांना भाजत नाही, तण कमी, कीड पण पावसाळ्यापेक्षा कमी. पहिल्यांदाच लावणाऱ्याने एप्रिलमध्ये सुरू केलं तर हात पोळतात आणि मग तो परत बागेकडे फिरकत नाही.

सगळ्यात आधी ऊन बघा. बादल्या, माती, बी सगळं नंतर. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, हे शाळेत शिकलेलो असतो पण गच्चीवर कुंडी ठेवताना कोणाच्या लक्षात राहत नाही. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे, म्हणजे २१-२२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी बारा-साडेबारालासुद्धा सूर्य जमिनीपासून साधारण ४६-४७ अंशांवरच असतो. त्यामुळे गच्चीचा दक्षिणेकडचा कठडा ३ फुटांचा असेल तर त्याची सावली भर दुपारीच पावणेतीन-तीन फूट आत पडते आणि सकाळ-संध्याकाळी तर त्याहून लांब. त्या कठड्याला टेकून ओळीने कुंड्या मांडल्या तर त्यांना डिसेंबरभर ऊन म्हणून मिळत नाही, आणि आपण म्हणत बसतो की बी खराब होतं. उलट उत्तरेच्या कठड्यालगत मांडा. तिथे दिवसभर ऊन येतं आणि उत्तरेकडून येणारं बोचरं वारं पण कठडा अडवतो. जागाच नसेल तर विटांचा थर लावून कुंड्या उंचावर घ्या. फ्लॅटमध्ये दक्षिणेची बाल्कनी असेल तर थंडीत तुमच्यासारखं नशीबवान कोणी नाही, उत्तरेच्या बाल्कनीत मात्र या दिवसांत पुदिना सोडून फारसं काही लावू नका. पालेभाजीला ४-५ तास ऊन पुरतं, टोमॅटो-वांग्याला ६ तास तरी पाहिजेच.

आता बादल्या. दिवाळीच्या आधी निम्म्या कॉलनीत रंगकाम निघतं आणि रंगाच्या २० लिटरच्या बादल्या रिकाम्या होतात. पेंटरला आधीच सांगून ठेवायचं. आमच्याकडे शेजारच्या बिल्डिंगमध्ये काम चालू होतं, मी विचारलं, दादा या बादल्या नंतर देता का, तर म्हणाले, ताई एवढ्या कशाला, कपडे भिजवायला का? झाडं लावायला म्हटल्यावर स्वतःच धुऊन ठेवल्या त्यांनी. फुकट नाहीच मिळाल्या तर भंगारवाल्याकडे चाळीस-पन्नासला एक मिळते. फक्त डिस्टेंपरच्या किंवा पाण्यात कालवायच्या रंगाच्या घ्या, ऑइल पेंटच्या नको, तो वास आणि तो थर निघत नाही. बाकी १५ किलोचे तेलाचे डबे, मासळीवाल्यांकडचे थर्माकोलचे खोके, फळांचे क्रेट आतून गोणपाट लावून, सगळं चालतं. थर्माकोलचा खोका तर पालेभाजीला सगळ्यात बेस्ट, पसरट असतो, हलका असतो आणि थंडीत माती रात्री एकदम गार पडत नाही.

भोकं मात्र नीट पाडा. लोखंडी सळई गॅसवर तापवून बुडाला ४-५ भोकं, शिवाय बाजूला बुडापासून इंचभर वर दोन. बाजूची असली की बुडाची मातीने बुजली तरी पाणी साचत नाही. आणि बादली थेट स्लॅबवर ठेवू नका, दोन विटांवर ठेवा, खालून वारा खेळला की गच्ची ओली राहत नाही आणि घरमालकाचं पण काही म्हणणं राहत नाही. वजनाचाही विचार करा बरं का, २० लिटरची बादली नुसत्या मातीने भरली आणि पाणी घातलं की २५-३० किलोच्या घरात जाते.

म्हणूनच बादली सगळी मातीने भरायची नसते! पैसा पण इथेच वाचतो. खालचा निम्मा भाग उसाची चिपाडं, वाळका पाला, सोयाबीनचं भुसकट, जे मिळेल त्याने भरायचं. हे काही माझं डोकं नाही, कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांच्या प्रयोग परिवारातल्या लोकांनी उसाच्या चिपाडात आणि पालापाचोळ्यात घरच्या घरी भाजी घेता येते हे कित्येक वर्षांपूर्वी करून दाखवलंय. बारमाही चालणारी रसवंती जवळ असेल तर संध्याकाळी एक गोणी घेऊन जा, ते लोक आनंदाने देतात कारण त्यांना ते फेकायला जावं लागतं. फक्त चिपाडं आणली की दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून ठेवा, त्यात साखर असते, ओली तशीच भरली की मुंग्यांची रांग लागते. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं तेव्हा गावाकडून येणाऱ्याला भुसकटाची एक गोणी आणायला सांगा. आणि नवरात्र-दसऱ्याचं निर्माल्य, झेंडूच्या माळा, तोरणं, हे नदीत तर मुळीच टाकू नका, दोरा काढून याच थरात जाऊ दे.

वरच्या निम्म्या भागात एक वाटा माती, एक वाटा शेणखत, आणि घरचं कंपोस्ट असेल तर तेही एक वाटा, नसेल तर नसू दे. एका बादलीला दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती एकटी वापरू नका, ओली झाली की चिकट गोळा आणि वाळली की भेगा, मुळं तुटतात. पोयटा, म्हणजे नदीकाठची गाळाची माती, मिळाला तर सोनंच. कोकोपीटची वीट दीड-दोनशेला मिळते, पाहिजे तर घ्या पण चिपाडं असतील तर खरंच गरज नाही.

शेणखत घेताना नीट बघा. शेतकऱ्याकडून किंवा तबेल्यातून शंभर-सव्वाशेला गोणी मिळते, पण ते वर्षभर कुजलेलं पाहिजे. हातात घेतलं की भुसभुशीत, काळपट, शेणाचा वास नाही, हात झटकला की स्वच्छ, असं असेल तर घ्या. अर्धवट कुजलेल्या खतात हुमणीच्या अळ्या असतात, पांढऱ्या जाड, अर्धगोल वळलेल्या, डोकं तपकिरी. त्या बादलीत गेल्या की खालून मुळं खातात आणि वरून चांगलं दिसणारं वांग्याचं झाड एका सकाळी मान टाकतं, उपटलं तर खाली मूळच नसतं. म्हणून गोणी आणली की आधी गच्चीवर ताडपत्रीवर पसरायची. तासाभरात कावळे, साळुंक्या येतात आणि अळ्या वेचून खाऊन टाकतात, आपल्याला हात लावायची पण गरज पडत नाही. दिवसभर पसरून ठेवलं की खत वापरायला तयार.

आता बी. इथे पण अर्धी बाग किराणाच्या डब्यातूनच होते. मेथ्या, धणे, मोहरी, हरभरे, लसूण, मोड आलेले कांदे-बटाटे, एवढं तर प्रत्येकाच्या घरात असतं. मेथ्या रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवायच्या, अंकुर दिसला की पेरायच्या. धणे भाजलेले नकोत आणि दोन वर्षांचे जुनेही नकोत, वास घेऊन बघा, ताज्या धण्याला हिरवट वास असतो. एका धण्यात दोन बिया असतात म्हणून फडक्यावर पसरून लाटणं हलक्या हाताने फिरवायचं म्हणजे दोन फाका होतात, पीठ करायचं नाही. मग १२ तास भिजवून पेरा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते पण कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात आणि कडाक्याची थंडी असेल तर अजून जास्त, तेवढ्यात उकरून बघत बसू नका. पेरल्यावर वरून ओलं गोणपाट झाकायचं आणि पहिला कोंब दिसला की लगेच काढायचं. नंतर जुनी मच्छरदाणी किंवा साडी काठ्यांवर टाकायची, कारण कबुतरांना कोवळा कोंब फार आवडतो.

पालक, मुळा, गाजर, चाकवत, मटार यांची पाकिटं मात्र कृषी सेवा केंद्रातून आणा, वीस-पंचवीसला एक, आणि मागची तारीख वाचून घ्या. मॉलमधलं चकचकीत पाकीट तिप्पट किमतीला आणि आत मोजून बिया. बी चार घरांनी मिळून घेतलं तर अजून स्वस्त, एका गच्चीला पूर्ण पाकीट लागतच नाही. वालाचं, घेवड्याचं गावठी बी कोणा नातेवाइकांकडे गावी असेल तर ते आवर्जून मागून आणा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला तो हेच वाल-घेवड्याचं आणि बाकीचं गावठी बी जपून ठेवण्यासाठी, यावरून त्या बियांची किंमत लक्षात येईल. गावठी बी एकदा आणलं की दरवर्षी आपलं आपल्याला धरता येतं, परत विकत घ्यायला नको.

काय लावायचं हे ठरवताना मी एकच हिशोब करते, जागा किती अडणार आणि हातात काय येणार. फ्लॉवर बघा, एक रोप अख्खी बादली अडीच-तीन महिने अडवून बसतं आणि शेवटी एक गड्डा देतं जो बाजारात तेव्हा पंधरा-वीसला पडलेला असतो. कोबीचंही तेच. मुलांना बघायला एखादं लावा, पण बजेटच्या बागेत ते बसत नाही. ब्रोकोलीचं वेड पण सध्या खूप आहे, मी तरी जागा देत नाही. उलट लसणाची पात बघा, बाजारात कधी दिसते कधी नाही, आणि घरी मोड आलेल्या वीस-पंचवीस पाकळ्या टोक वर करून खोक्यात खोचल्या की पंधरा-वीस दिवसांपासून कात्रीने कापत राहा, दोन-तीनदा येते. थालिपीठात, चटणीत, बाजरीच्या भाकरीसोबत ठेच्यात. मोड आलेला कांदा लावला की तशीच कांद्याची पात. चाकवत, करडई, चंदनबटवा या भाज्या शहरातल्या भाजीवाल्याकडे क्वचित येतात आणि आल्या तरी दुपारपर्यंत मान टाकतात. चाकवताची ताकातली पातळ भाजी ज्याने खाल्लीय त्याला मी काय सांगतेय ते कळेल.

मुळा लावा पण सगळा उपटू नका. सहा-सात मुळे तसेच ठेवा, थंडी सरताना त्यांना फुलं येतात आणि मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतात. डिंगऱ्यांची भाजी आजकाल बाजारात शोधून सापडत नाही आणि इथे तर ती एक पैसा न घालता मिळते.

आणि हरभरा. माझ्या मते गच्चीवरच्या थंडीच्या बागेत हरभऱ्याला पहिला मान पाहिजे. किराणातले देशी बारीक हरभरे रात्रभर भिजवून खोक्यात दाट पेरायचे, तीन-चार आठवड्यांत वीतभर झाला की शेंडे खुडायचे. खुडला की तो बाजूने फुटतो, अजून दाट होतो, म्हणजे खुडणं हे त्याच्या फायद्याचंच आहे. सकाळी लवकर गेलात तर पानांवर बारीक थेंब दिसतात, बोट लावून जिभेवर ठेवा, आंबट लागतं, हीच हरभऱ्याची आंब. माझ्या सासूबाई सांगतात की त्यांच्या माहेरी पहाटे शेतात पातळ फडकं पसरून ती आंब टिपून घ्यायचे आणि पोटदुखीवर वापरायचे. म्हणूनच हरभऱ्याची भाजी धुवायची नाही, धुतली की आंबटपणा निघून जातो. आता बाजारातली न धुता खायची कोणाची हिंमत होणार, किती फवारे मारलेले असतील कोण जाणे. गच्चीवरची मात्र बिनधास्त न धुता, खुडून थेट लसणाच्या फोडणीत. सासूबाई म्हणतात तशी चव त्यांना शहरात आल्यापासून पहिल्यांदा या खोक्यातल्या हरभऱ्याने दिली, आणि त्या काही उगाच कौतुक करणाऱ्यातल्या नाहीत.

वेळेचं गणित मी भोगीपासून उलटं मांडते, बहुतेक वर्षी ती १३ जानेवारीला येते. भोगीच्या भाजीत ओला हरभरा, मटार, वांगी, गाजर, पावटा किंवा घेवडा हे सगळं लागतं, मग त्या दिवशी निदान निम्मं तरी घरचं असावं असं मनात धरलं की पेरणीच्या तारखा आपोआप ठरतात. गाजराला ८०-९० दिवस आणि हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांना, म्हणजे शेंगांना, पण साधारण तेवढेच, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बी मातीत गेलं पाहिजे (घाट्यांसाठीचा हरभरा वेगळा आणि विरळ लावा, सारखा खुडत राहिलात तर घाटे उशिरा येतात). वांग्याची, टोमॅटोची, मिरचीची तयार रोपं नर्सरीत दोन-तीन रुपयांना मिळतात, ती दसऱ्याच्या आसपास लावून टाका, बी पेरून रोपं करत बसायची तर सप्टेंबरातच करायला हवं. मटार ६०-७० दिवसांचा, त्याला थंडीच पाहिजे, तो दिवाळीच्या मागे-पुढे. पावटा-घेवडा वेलाचा असेल तर पावसाळ्यातच लागलेला असतो, दिवस लहान झाले की त्याला फुलं धरतात. पालक, मेथी, कोथिंबीर मात्र एकदम सगळी पेरू नका, दर पंधरा दिवसांनी एकेक खोका, नाहीतर एका आठवड्यात मेथीच मेथी आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही. दिवाळीपर्यंत काहीच केलं नसेल आणि डिसेंबर उजाडला असेल तर फक्त पालेभाजी आणि लसूण करा, टोमॅटोच्या मागे लागू नका, रात्री पारा दहाच्या खाली उतरला की त्याची फुलं गळतात. आणि आमच्या शेजारचं निफाड तर पाच-सहापर्यंत जातं कधीकधी.

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळला की त्यातलं बी काढून प्रत्येक बादलीच्या कडेला दोन-चार टाकायला विसरू नका. झेंडूच्या मुळांमुळे मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांना त्रास देणारे बारीक कृमी, कमी राहतात, फुलांवर मधमाश्या येतात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना पूजेला फुलं घरची.

पाणी सकाळी, आठ-नऊच्या सुमारास, ऊन पडल्यावर. संध्याकाळी घातलं की रात्रभर पानं ओली आणि बुरशीला आमंत्रण. रोज घालायचंच असंही नाही, बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर राहू द्या. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, आरओचं वाया जाणारं पाणी मात्र रोज नको, त्यात क्षार जास्त असतात. बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडली की पेरलेल्या खोक्यासाठी झारी तयार.

ढगाळ हवा पडली की मावा येतो, हे पक्कं धरा. पालकाच्या, मोहरीच्या पानांच्या मागे हिरवट-काळे बारीक किडे चिकटतात. रोज सकाळी पानं उलटी करून बघायची सवय लावली तर पहिल्या दिवशी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने काम होतं. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा साबण, संध्याकाळच्या वेळी. जून-जुलैत निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवल्या असतील तर तेही विकत नको, ५० ग्रॅम कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळून फवारा. मटारवर पांढरी भुरी दिसली तर आंबट ताक पाण्यात पातळ करून.

खताला नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत मी करते, छोट्या मापात. १० लिटर पाण्याला अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर माती. सावलीत झाकून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, थंडीत चार-पाच दिवस लागतात तयार व्हायला. मग दहापट पाणी घालून पंधरा दिवसांतून एकदा मुळाशी. काळा गूळ वापरा, तो स्वस्त पण असतो.

पैशाचा हिशोब विचाराल तर सहा बादल्या भंगारवाल्याकडून अडीचशे, शेणखताच्या दोन गोण्या दोनशे-सव्वादोनशे, निंबोळी पेंड किलोभर पन्नास-साठ, बियांची चार पाकिटं शंभर, रोपं तीस. बाकी चिपाडं, भुसकट, खोके, झेंडू, किराणातलं बी हे सगळं असंच. पुढच्या वर्षी बादल्या आहेत, माती आहे, गावठी बी आहे, म्हणजे खर्च शंभर-दीडशेवर येतो.

फेब्रुवारीत ऊन चढायला लागलं की पालक आणि मेथी फुलोऱ्यावर येतात, तेव्हा उपटून टाकू नका, जोमदार दोन-चार झाडं बियाण्याला ठेवा, मेथीच्या शेंगा आणि पालकाचे बियांचे तुरे पिवळे पडून वाळले की काढून राखेत घोळवून कोरड्या बाटलीत भरा आणि बाटलीवर नाव-महिना लिहा. बादलीतली चिपाडं तोवर कुजून माती चार-पाच बोटं खाली बसलेली असते, ती उकरून वर एक ओंजळ शेणखत आणि नवा पाला घाला, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास त्यातच भेंडी आणि गवार टाका.